बंबाला नळ जोडण्यापूर्वी

चांदवड तालुक्यात मार्गशीर्ष लागला की पहाटे टाकीतल्या पाण्यात हात घालवत नाही. सातमाळ्याच्या डोंगराकडून येणारा वारा, रात्री पाणी दिलेले कांद्याचे वाफे, उघड्या माळावरची वस्ती. शेजारच्या निफाडचा पारा वर्तमानपत्रात गाजतो, पण वडनेरभैरवच्या किंवा वडाळीभोईच्या मळ्यातली पहाट त्याहून फार उबदार नसते. अशा दिवसांत अंघोळीला ऊन पाणी हवेच, आणि मळ्यात जळणाला तोटा नसतो. द्राक्षाच्या छाटणीतल्या काड्या, बांधावरची बाभूळ, तुराट्या, दाणे काढून उरलेली मक्याची कणसे. म्हणून वीज आली, सोलर आले, तरी बंब गेला नाही.

बदलले ते घर. पूर्वी मागच्या दारी बंब असे. बादलीने पाणी ओतायचे आणि बादलीनेच काढायचे. आता स्लॅबचे घर, वर काळी टाकी, आत फरशी लावलेले न्हाणीघर. बंब अंगणात राहावा आणि ऊन पाणी आत नळाला यावे, ही इच्छा अगदी रास्त आहे. गुडघे धरलेल्या आजीने किंवा बाळंतिणीचे पाणी काढणाऱ्या बाईने वाफाळती बादली उंबरा ओलांडून का न्यावी? म्हणून ‘जोडू नका’ असे मी म्हणणार नाही. जोडा. पण जोडणीच्या दोन-तीनच रीती सुरक्षित आहेत, बाकीच्या बऱ्याच जीवघेण्या आहेत, आणि बाहेरून पाहिले तर दोन्ही सारख्याच दिसतात. फरक असतो एखाद्या चावीचा.

जुना तांब्याचा बंब आधी नीट पाहा. मधोमध आगीचा नळकांडा, खाली जाळी, भोवती पाणी. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतले की ते आतल्या नळीने तळाशी जाते आणि वरचे तापलेले पाणी तोटीतून बाहेर ढकलले जाते. काही बंबांना खाली तोटी असते, वर नुसते सैल झाकण. दोन्ही प्रकारांत पाणी कुठे ना कुठे हवेला उघडे असते. विसरून जळण जास्त घातले तर पाणी उकळेल, तोटीतून वाफ येईल, नरसाळ्यातून पाणी उसळेल. अंगण ओले होईल, इतकेच. तांबटांनी हे भांडे घडवले तेव्हा दाब मोजायचे घड्याळ त्यांच्यापाशी नव्हते, पण दाब साठूच नये अशी त्याची घडण होती. त्या उघडेपणाला आपण पाइप आणि चाव्या लावतो तेव्हा ही घडण मोडते. धोका तिथून सुरू होतो.

विजेच्या गिझरला थर्मोस्टॅट असतो, पाणी तापले की तो वीज तोडतो. गॅसला चावी असते. लाकडाच्या आगीला दोन्ही नसते. ती पेटली की जळण संपेपर्यंत तापवत राहते. तुमची अंघोळ झाली का, नळ बंद आहे का, लाइट गेली का, याचे तिला काही नाही. थोडा हिशेब मांडू. एक किलो सुक्या लाकडात ढोबळमानाने चार युनिट विजेइतकी उष्णता असते. बंबात तासाला ३ किलो लाकूड जळत असेल तर ती १२ किलोवॉटची आग झाली. त्यातली निम्मी उष्णता पाण्यात उतरली असे धरले तरी ६ किलोवॉट, म्हणजे घरातल्या साठवणीच्या गिझरच्या तिप्पट. अंघोळी आटोपल्यावर बंबात ६० अंशांचे २० लिटर पाणी उरले आणि जाळ तसाच राहिला, तर नऊ-दहा मिनिटांत ते उकळू लागते. आपल्या या पठारावर उकळी ९८ अंशांच्या आसपासच येते. त्यानंतर दर सेकंदाला चार लिटरहून अधिक वाफ तयार होते. तिला बाहेर जायला वाट हवी.

वाट नसेल तर काय होते? पाण्यावर दाब चढतो, आणि दाबाखालचे पाणी ९८ अंशांवर उकळत नाही, तापतच जाते. दर चौरस सेंटिमीटरला २ किलोचा दाब झाला की ते सुमारे १३३ अंशांपर्यंत पाणीच राहते. मग पत्र्याचा एखादा सांधा सुटतो. दाब एकदम उतरतो आणि त्या २० लिटरांतले सव्वा लिटरहून जास्त पाणी त्याच क्षणी वाफ होते, म्हणजे २ हजार लिटरहून अधिक वाफ. उरलेले उकळते पाणी आणि चुलीतले निखारे तिच्याबरोबर उडतात. बंब ‘फुटला’ असे आपण म्हणतो तेव्हा हे घडलेले असते.

वाफ होण्याच्या आधीही दाब चढतोच. पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत तापले की चार टक्क्यांनी फुगते. ५० लिटरच्या बंबात हे २ लिटर जादा पाणी झाले. त्यालाही जागा लागते. पाणी दाबून लहान होत नाही. जागा नसेल तर ते पत्रा ताणते.

तेव्हा साऱ्या जोडणीचा नियम एकच: आग आणि उघडे आकाश यांच्यामध्ये पाण्याची एक तरी वाट अशी हवी की जिच्यावर कुठेही चावी नाही, व्हॉल्व्ह नाही, जाळी नाही, टोपी नाही. पुढच्या सगळ्या सूचना या एका नियमातूनच आल्या आहेत.

जुना नरसाळ्याचा बंब ज्यांच्याकडे आहे, त्यांनी सर्वांत साधी रीत पत्करावी. बंब न्हाणीघराच्या भिंतीलगत, बाहेरच्या अंगाला, थोड्या उंच ओट्यावर ठेवा. टाकीची गार पाण्याची लाइन न्हाणीघरात आणून तिथे चावी बसवा आणि चावीच्या पुढचा पाइप भिंतीतून बाहेर काढून नरसाळ्याच्या वर आणा. तो नरसाळ्यात घट्ट बसवायचा नाही. टोक चार बोटे वर, मोकळे राहिले पाहिजे. तोटीच्या जागी पाऊण किंवा एक इंची पाइप लावून तो उताराने भिंतीतून आत, बादलीच्या वर सोडा. या पाइपला नळ लावायचा नाही. आत उभे राहून तुम्ही गार पाण्याची चावी उघडता, नरसाळ्यात पाणी पडते आणि तितकेच ऊन पाणी बादलीत येते. चावी बंद केली की येणे थांबते. चावी गार पाण्याच्या बाजूला, ऊन पाण्याची बाजू सदा उघडी. चावी फार उघडली तर नरसाळे भरून वाहील, त्याहून वाईट काही होणार नाही.

ही रीत मला फार आवडते, कारण तिच्यात बिघडण्यासारखे काहीच नाही. बंब तापताना आतल्या पाइपातून थेंब-थेंब पाणी येत राहते, ते फुगलेले पाणी. ‘नळ गळतो’ म्हणून कोणी त्या टोकाला चावी बसवू नये, बूच मारू नये, शॉवरची चाळणीही लावू नये. आपल्याकडच्या जड पाण्याने तिची भोके वर्षभरात बुजतात. पाइप कमानीसारखा वर उचलून मग खाली आणला तर पाणी ओढ घेऊन बंब अर्धा उपसतो, म्हणून तो वर चढवायचाच नाही. चढवावाच लागला तर सर्वांत उंच जागी टी बसवून हातभर उघडा पाइप आकाशाकडे सोडा.

या रीतीत पाण्याला जोर नसतो आणि ते दूर जात नाही. न्हाणीघर लांब असेल किंवा उन्हाच्या बाजूला नळच हवा असेल, तर पुष्कळ जण वरच्या टाकीचा पाइप सरळ बंबाला जोडतात आणि झाकण बोल्टने आवळून टाकतात. इथे थांबून एक गुणाकार करावा. टाकीतले पाणी बंबापेक्षा ३ मीटर उंच असेल तर बंबावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३ किलो दाब येतो. ऐकायला किरकोळ वाटतो. पण बंबाचे तोंड ३० सेंटिमीटर व्यासाचे असेल तर त्याचे क्षेत्र ७०७ चौरस सेंटिमीटर भरते, आणि झाकणाला खालून बसणारा रेटा २०० किलोंवर जातो. दोन क्विंटल कांद्याच्या गोण्या त्या झाकणावर उलट्या रेटत आहेत, आणि अजून आगकाडीही ओढलेली नाही. जुना पत्रा, जुने डाख, राखेने पातळ झालेला मधला नळकांडा; हे सारे उघड्या पाण्यासाठी होते. जुना बंब वरच्या टाकीला थेट जोडू नये. याला अपवाद नाही.

त्याऐवजी मध्ये छोटी टाकी घ्या. बंबाशेजारी, त्याच्या माथ्यापेक्षा वीतभर उंच, दहा-पंधरा लिटरची स्टीलची टाकी बसवून तिला फ्लोटचा कॉक लावा. वरच्या मोठ्या टाकीचा जोर या फ्लोटपाशी संपतो. छोट्या टाकीच्या तळातून एक इंची पाइप बंबाच्या तळाला न्या. या पाइपावर काहीही बसवू नका. बंबाच्या माथ्यातून एक इंची व्हेंट पाइप काढून तो छोट्या टाकीच्या पाण्यापेक्षा दीड-दोन फूट उंच न्या आणि उघडा सोडा. ऊन पाण्याची लाइन बंबाच्या वरच्या अंगातून घ्या, खालून कधीही नाही. वरून घेतली की पाण्याचा पुरवठा बंद पडला तरी बंब भरलेलाच राहतो, नळाने तो रिकामा होत नाही. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या आपल्या तालुक्यात ही गोष्ट किती महत्त्वाची आहे हे सांगायला नको. छोटी टाकी प्लास्टिकची नको, कारण तापलेले पाणी फुगून तिच्यात परत येते.

तिसरी रीत नव्या, जाड स्टीलच्या, वेल्डिंग केलेल्या आणि कारखान्यातच दाबाची चाचणी घेतलेल्या बंबासाठी आहे. हा वरच्या टाकीला थेट जोडता येतो. मात्र त्याच्या माथ्यातला व्हेंट पाइप स्लॅबवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून वर गेलाच पाहिजे. किती वर? ऊन पाणी हलके असते, म्हणून व्हेंटमधली त्याची पातळी टाकीतल्या पातळीपेक्षा थोडी चढते. बंबापासून टाकीतल्या पाण्यापर्यंतच्या उंचीच्या दर मीटरला ४ सेंटिमीटर आणि वर १५ सेंटिमीटर हा जुना अंदाज. ४ मीटरला ३१ सेंटिमीटर होतात; आपण सरळ दोन फूट घ्यावे. पाइप एक इंचापेक्षा बारीक नको, आणि तळापासून टोकापर्यंत सतत चढता हवा. मध्ये कुठे आडवा झोळ पडला की हवा अडकते. टोक उलट्या यू-सारखे वाकवा, म्हणजे पाऊस आत जात नाही आणि उसळलेले पाणी खाली स्लॅबवर पडते. ते अशा कोपऱ्यात पडावे की जिथे कोणी कुरडया-पापड वाळत घालत नाही आणि पोरे पतंग उडवत नाहीत.

हे टोक पुन्हा टाकीतच सोडावे, म्हणजे पाणी वाया जात नाही, असे काही प्लंबर सुचवतात. आपल्या प्लास्टिकच्या टाकीत ते सोडू नका. २००६ साली इंग्लंडमधल्या टॉन्टन गावी एका घरात विजेच्या हीटरचा थर्मोस्टॅट बिघडला. उकळते पाणी व्हेंटमधून माळ्यावरच्या प्लास्टिकच्या टाकीत जात राहिले, टाकी मऊ होऊन ढासळली, आणि खालच्या खोलीत झोपलेले तान्हे बाळ त्या पाण्याने गेले. तिथे वीज होती. आपल्याकडे तर लाकडाची आग आहे.

आता सर्वांत घातक वस्तूबद्दल. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. प्लंबर तो चांगल्या हेतूने बसवतो: ऊन पाणी उलटे वरच्या टाकीत जाऊन टाकी कोमट होऊ नये. पण व्हेंट नसलेल्या जोडणीत फुगलेल्या पाण्याला जाण्याची ती एकच वाट असते. नळ बंद, व्हॉल्व्ह बंद. आग मात्र चालू. जोडणी पहिले कित्येक दिवस नीट चालते, कारण रोज कोणी ना कोणी नळ उघडत असतो. मग एखाद्या दिवशी लग्नाला जायची घाई असते, बंब पेटवून ठेवलेला असतो आणि घर तासभर मोकळे असते. गार पाण्याच्या लाइनवरचा गेट व्हॉल्व्हही असाच. टाकी धुताना कोणी बंद करतो आणि उघडायचे राहून जाते. दुरुस्तीसाठी तो हवाच असेल तर व्हेंट आधी पक्का करा, मग व्हॉल्व्ह उघडा ठेवून त्याचे चाक काढून खुंटीला टांगा.

‘सेफ्टी व्हॉल्व्ह लावला आहे की,’ असे उत्तर मिळते. बाजारात सहज मिळतो तो गिझरचा असतो. त्यावरचा आकडा वाचा: बहुधा ८ बार किंवा ०.८ एमपीए, म्हणजे तो उघडतो सुमारे ८ किलोच्या दाबाला. त्या दाबाला आतले पाणी १७५ अंशांवर पोचलेले असते. बंबाचा पत्रा त्याच्या फार आधी सुटेल. बंबाला सेफ्टी व्हॉल्व्ह लावायचा तर तो बंबाला पेलवणाऱ्या दाबाचा हवा आणि व्हेंटच्या जोडीला हवा, व्हेंटच्या जागी नको. स्प्रिंगवर क्षार चढतात, रबर चिकटते. उघड्या पाइपाला चिकटण्यासारखे काही नसते.

तरी व्हेंटही बुजतो. कुंभारमाशी उघड्या नळीत मातीचे घर करते. कोणीतरी पाणी ठिबकते म्हणून चिंधी कोंबतो, रंगकाम करणारा टोपी बसवून जातो. दिवाळीच्या साफसफाईत स्लॅबवर जाऊन हे टोक पाहणे घरातल्या एका माणसाच्या नावावर लिहून टाका.

चुलीच्या भिंतीत तांब्याच्या नळीचे वेटोळे बसवून त्यातून पाणी फिरवायची युक्तीही आता खेड्यापाड्यांत दिसते. स्वयंपाक आणि पाणी एकाच जाळावर, कल्पना चांगली. पण वेटोळ्यात पाणी थोडे आणि आग थेट, त्यामुळे ते काही सेकंदांत उकळते. वेटोळ्याची दोन्ही तोंडे वरच्या अंगाला असलेल्या उघड्या स्टीलच्या टाकीला जोडलेली असतील, पाइप सतत चढता असेल आणि मध्ये एकही चावी नसेल, तर तापलेले पाणी आपोआप वर जाते आणि गार खाली येते. पंप लावून पाणी फिरवणारी जोडणी लाकडाच्या आगीवर करू नका. पहाटे भारनियमनात लाइट गेली की पंप थांबतो, जाळ थांबत नाही. शिवाय विहिरीच्या आणि बोअरच्या जड पाण्याचा चुना बारीक नळीत लवकर बसतो. बुजलेल्या वेटोळ्याला दोन्हीकडून चावी लावल्यासारखेच आहे. सहा महिन्यांनी लिंबूसत्त्वाचे पाणी काही तास भरून ठेवून ते मोकळे करा. बंबालाही वर्षातून एकदा हे करावे. पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागू लागला आणि आतून तडतड ऐकू आली तर चुना बसला म्हणून समजा.

ज्यांच्या स्लॅबवर सोलर आहे त्यांना ढगाळ दिवसांपुरता बंब हवा असतो. सोलरच्या टाकीतच बंबाचे पाणी फिरवावे हा मोह टाळा. ती टाकी, तिचे रबरी सांधे आणि तिचा व्हेंट लाकडाच्या आगीच्या हिशेबाने केलेले नसतात. त्यापेक्षा सोलरचे कोमट पाणी बंबात घ्या. ढगाळ दिवशीही ते टाकीपेक्षा चार-आठ अंशांनी ऊन असते, तेवढे जळण वाचते. नरसाळ्याच्या रीतीत हे फार सोपे आहे: गार लाइनबरोबर सोलरची लाइनही, तिची वेगळी चावी लावून, नरसाळ्याच्या वर आणून सोडायची. न्हाणीघरात सोलरच्या आणि बंबाच्या पाण्याची तोंडे वेगवेगळी असलेली उत्तम.

विजेचा गिझर आणि बंब मात्र एका पाइपात आणू नका. दोघांचे पाणी एकमेकांत शिरते हे एक कारण. मोठे कारण विजेचे. गिझरची कॉइल फुटली आणि अर्थिंग नीट नसले, तर धातूच्या पाइपातून वीज अंगणातल्या बंबापर्यंत येते, आणि तिथे ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून कोणी जळण सारत असते. मळ्यातल्या घरांचे अर्थिंग उन्हाळ्यात माती सुकली की निकामी होते, हे वायरमनला विचारा. घरात गिझर असेल तर ३० मिलिअँपिअरचा, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवा. बंब असो वा नसो.

पाइप कोणता? पांढरा यूपीव्हीसी साधारण ६० अंशांपर्यंतच टिकतो, तो उन्हाच्या बाजूला अजिबात नको. सीपीव्हीसीची मर्यादा ९३ अंश, आणि बंबाचे पाणी ती ओलांडते. म्हणून बंबाच्या दोन्ही तोंडांपासून निदान सहा फूट आणि संपूर्ण व्हेंट धातूचा. त्यापुढे न्हाणीघरापर्यंत सीपीव्हीसी चालेल. तांब्याच्या बंबाला जीआय पाइप लावला तर जस्त झिजून पाइपाला खड्डे पडतात. मध्ये पितळेचे जोड घाला, आणि परवडत असेल तर उन्हाची लाइन स्टीलची किंवा तांब्याची करा.

बंब न्हाणीघरात ठेवू नका, बंद पडवीतही नको. बंद न्हाणीघरात गॅस गिझरने जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. अर्धवट जळणातून निघणाऱ्या त्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि धगधगत्या जाळापेक्षा विझत आलेले निखारे तो जास्त सोडतात. डोके जड होणे, मळमळ, पायांतली शक्ती जाणे ही लक्षणे दिसली की आधी मोकळ्या हवेत या. धुराड्याचे तोंड खिडकीच्या खाली नको, आणि कांद्याच्या चाळीपासून, कडब्याच्या गंजीपासून दूर हवे. उन्हाळ कांदा भरलेली बांबूची चाळ आणि सुटलेला वारा यांच्यात एक ठिणगी पुरते. ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचा कागद, रंगवलेली फळी बंबात जाळायची नाही. फवारणीच्या काड्या पावसापाण्याने धुतल्या जाऊन नीट वाळल्यावरच घ्या.

बंबात पाणी आहे हे पाहिल्याशिवाय काडी ओढायची नाही. कोरडा बंब तापला तर साध्या झाळाचा सांधा १८३ अंशांच्या पुढे-मागे वितळतो. आणि कोरडा तापलेला बंब दिसला तर त्यात पाणी ओतू नका. ते पडताक्षणी वाफ होऊन तोंडावर येते. निखारे ओढून काढा आणि भांडे आपोआप निवू द्या, तासभर लागला तरी.

बंबाचे पाणी गिझरच्या पाण्यापेक्षा फार तापलेले असते, हे नळ जोडल्यावर घरातल्या सर्वांना नव्याने सांगावे लागते. ६० अंशांच्या पाण्याने पाच सेकंदांत खोल भाजते, ७० अंशांच्या पाण्याने एका सेकंदात. लहान मुलांची कातडी त्याहूनही लवकर. बादलीत आधी गार, मग ऊन. ऊन पाण्याचे तोंड पोरांच्या हाताला लागणार नाही इतके उंच, आणि त्याच्या भिंतीवर तांबडा पट्टा. भाजलेच तर वीस मिनिटे साधे गार वाहते पाणी, नळ नसेल तर तांब्याने सोडत राहा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. अंगठ्या-बांगड्या लगेच काढा, स्वच्छ कापडाने सैलसर झाका आणि १०८ ला फोन करा.

या जोडणीची तपासणी करायला कोणी सरकारी माणूस येणार नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्यातून २५ लिटरपेक्षा लहान, १ किलोपेक्षा कमी दाबाची किंवा १०० अंशांखाली पाणी तापवणारी भांडी वगळलेली होती. २०२५ साली नवा कायदा आला, तोही कारखान्यांच्या बॉयलरसाठी. अंगणातल्या बंबाकडे तो पाहत नाही. म्हणजे तपासणारे आपणच. काम झाले की प्लंबरला पैसे देण्याआधी त्याच्यासमोर पहिला जाळ करा. आधी सगळी जोडणी गार पाण्याने भरा आणि व्हेंटच्या टोकातून नळी पाण्यापर्यंत आत सोडून फुंका. पाण्याची गुडगुड ऐकू आली पाहिजे. मग उन्हाच्या बाजूचे सर्व नळ बंद करून बंब पेटवा, मुलांना घरात ठेवा आणि स्वतः लांब उभे राहून पाहा. पाणी उकळू द्या. व्हेंटमधून वाफ आली, झाकणाच्या कडेने पाणी झिरपले नाही, पाइपात धडधड झाली नाही, तर जोडणी बरोबर. वाफ दिसली नाही तर जाळ ओढून काढा आणि पुन्हा पाइप उघडायला सांगा. प्लंबरने ‘होईल बरोबर’ म्हटले तरी.

शेवटी ऑइल पेंट आणि ब्रश घेऊन व्हेंट पाइपाशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘या पाइपाला चावी किंवा टोपी लावू नये.’ तसेच गार पाण्याच्या पाइपापाशी: ‘नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवू नये.’ पाच वर्षांनी गळती काढायला येणारा प्लंबर दुसराच असेल, आणि त्या दिवशी तुम्ही कदाचित लासलगावला कांदा घेऊन गेलेले असाल.